चांदीच्या काठाची फुलदाणी

दोन वर्षांमागे आमच्या शाळेत मुलांनी घरोघरच्या जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरविले. कणकवली आता जुनी राहिलेली नाही. बाजारपेठेच्या डोक्यावरून महामार्गाचा पूल गेला आहे, माडीच्या कौलारू घरांच्या जागी चार मजली इमारती आल्या आहेत. तरीही मुलांनी पोत्यांत भरून आणलेल्या सामानात शेर, पायल्या, अडकित्ते, पंचपाळी, प्रभाकर कंदील, दौती असे कितीतरी निघाले. प्रत्येक वस्तूपुढे तिचे नाव आणि उपयोग लिहिलेली चिठ्ठी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. ते सोपे वाटले होते. शेर म्हणजे शेर आणि अडकित्ता म्हणजे अडकित्ता. त्यात इतिहास संशोधन मंडळाला विचारण्यासारखे काही नाही. अडलो ते तीन काचेच्या भांड्यांपाशी.

तिन्ही साधारण वीतभर उंचीची, किंबहुना थोडी कमीच. तिन्हींच्या तोंडाला चांदीसारख्या धातूचा काठ. एक फोंड्याच्या बाजूच्या मुलाने आणले होते. त्याच्या घरी त्याला 'अत्तरदाणी' म्हणत. दुसरे एका मुलीने आणले. तिच्या मते ते 'उदबत्तीचे घर' होते, आणि पुरावा म्हणून आतली राख तिने तशीच ठेवली होती. तिसरे माझ्याच घरचे. त्याचा उपयोग मला पक्का ठाऊक होता. माझी आजी त्यात केसांचे आकडे ठेवी. पण 'आकडे ठेवण्याचे पात्र' अशी चिठ्ठी लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि ती चिठ्ठी प्रदर्शन संपेपर्यंत कोरीच राहिली.

आमच्या घरी या भांड्याला एक कथा आहे. माझे पणजोबा मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर चाकरीला होते. प्लेगच्या सालात बंगल्यावरची बाकीची माणसे पळाली, पणजोबा राहिले, आणि साहेब विलायतेला जाताना त्याने ही चांदीची फुलदाणी त्यांच्या हातात ठेवली. ही कथा माझी आते सांगते. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. लहानपणी आम्ही फडताळाजवळ गेलो की तिचा आवाज मागून येई, "हात लाव नको हां, ती सायबाची आसा!" घरात पितळेची, तांब्याची, अगदी चांदीचीही दुसरी भांडी होती. पण त्यांना कोणी कथा चिकटविलेली नव्हती.

प्रदर्शन आटोपल्यावर मी तिन्ही भांडी घरी आणली आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून त्याचे भिंग मागून घेतले. विलायती चांदीवर ठसे असतात, एवढे वाचून माहीत होते. आमच्या फुलदाणीच्या काठावर ते सापडले. तिळाएवढे, एका ओळीत. बनविणाऱ्याची दोन आद्याक्षरे, एक पाय उचलून चालणारा सिंह, एक नांगर आणि इंग्रजी लहान लिपीतला 'सी'. नांगर म्हणजे जहाजाचा. मुलांना दाखविला तेव्हा त्यांना तो मासे पकडायचा गळ वाटला, आणि किनाऱ्याजवळच्या मुलांना तसे वाटावे यात नवल नाही.

हे ठसे म्हणजे त्या देशातला एक जुना आणि कडक कायदा आहे. सोनाराने केलेली वस्तू सरकारमान्य कचेरीत न्यायची, तिथे चांदीचा कस पाहायचा, आणि हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी भरली तरच सिंहाचा ठसा मारायचा. कोणत्या कचेरीत कस पाहिला ते दुसरा ठसा सांगतो. लंडनच्या कचेरीचा ठसा चित्त्याचे डोके. चेस्टरचा तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या. ही चेस्टरची कचेरी १९६२ साली बंद झाली. बर्मिंगहॅमचा ठसा नांगर. बर्मिंगहॅम समुद्रापासून कितीतरी दूर. तिथे नांगर कसा आला? आख्यायिका अशी की १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन गावांच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या गावी कचेरी मागितली, आणि त्यासाठी लंडनला आले असता ते 'मुकुट आणि नांगर' नावाच्या खानावळीत बसत. मंजुरी मिळाल्यावर एका गावाने मुकुट घेतला, दुसऱ्याने नांगर. खरेखोटे देव जाणे. पण कायद्याच्या ठशाला खानावळीची पाटी कारण झाली असेल तर मला ते आवडेल.

उरले अक्षर. ते दरवर्षी बदलते, आणि त्याच्या वळणावरून साल काढता येते. बर्मिंगहॅमचा हा लहान लिपीतला 'सी' १९०२-०३ सालचा. शिवाय आणखी एक साक्ष होती, ती नसलेल्या ठशाची. १७८४ पासून १८९० पर्यंत इंग्लंडात चांदीच्या वस्तूंवर कर होता आणि कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे डोके उठवीत. आमच्या काठावर डोके नाही. म्हणजे वस्तू १८९० नंतरचीच.

आता घरच्या कथेचे काय? मुंबईत प्लेग आला तो १८९६ च्या पावसाळ्याअखेर, आणि 'प्लेगचे साल' म्हटले की आमच्याकडे १८९७ समजतात. पाच-सहा वर्षांनी जन्मलेली फुलदाणी त्या साली कोण देणार? पण मी इथे घाई करणार नाही. प्लेग काही एका सालात आटोपला नाही. पुढची दहा-पंधरा वर्षे तो मुंबईत पुन्हापुन्हा येत राहिला, आणि दरवेळी चाकरमानी आगबोटी भरभरून कोकणात परतत राहिले. तेव्हा १९०३ साली किंवा त्यानंतरही एखादा साहेब घाबरून आणि कृतज्ञ होऊन विलायतेला गेला असेल. आतेच्या कथेचे साल चुकले असेल, कथा चुकली असेच नाही.

दुसऱ्या भांड्याने मात्र फसविले. त्या अत्तरदाणीवरही ओळीने चार ठसे होते, अगदी तशाच चौकटींत. भिंगाखाली पाहिले तर ती चार इंग्रजी अक्षरे निघाली : ई, पी, एन, एस. म्हणजे जर्मन सिल्व्हरवर विजेने चढविलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने १८४० साली या मुलाम्याचे पेटंट घेतले आणि मध्यम वर्गाला चांदीची हौस परवडू लागली. दुरून पाहणाऱ्याला खऱ्या चांदीचे ठसे वाटावेत अशाच बेताने ती अक्षरे मारलेली असत. फोंड्याच्या त्या मुलाला मी हे सांगितले नाही.

तिसऱ्या भांड्यावर, त्या उदबत्तीच्या घरावर, काहीच नव्हते. काच साध्या साच्यातली. दोन्ही बाजूंना साच्याची शिवण बोटाला लागत होती. काठ हाताने ठोकलेला, थोडा वाकडा, त्यावर टोकाने कोरलेल्या कुयऱ्या. जरा हलवून पाहिला तेव्हा उलगडा झाला. आत काचेची कड फुटलेली होती. कोणा घरधनिणीने फुटक्या तोंडाचे भांडे टाकून न देता गावच्या सोनाराकडे नेले, आणि त्याने चांदीची पट्टी वळवून, आत लाख भरून फुटलेले तोंड झाकून दिले. मुले या वाकड्या काठाला हसली होती. पण चांदी तिन्हींत जास्त याच भांड्यावर होती. तो काठ दोन बोटे रुंद आणि चांगला जाड होता. आमच्या साहेबी फुलदाणीचा काठ कागदासारखा पातळ, ठशात दाबून उठविलेला. काठ आणि काच यांच्यामधली पोकळी प्लास्टर ऑफ पॅरिसने भरलेली असते, आणि काठाला जी ऐट दिसते ती बरीचशी त्या प्लास्टरची. गरम पाण्याने धुतले की प्लास्टर सुटते आणि पांढरी भुकटी गळू लागते. आमच्या घरी तो पानाचा चुना समजत. त्यावरून आजोबांच्या वेळी ही चुन्याची डबी होती असेही एक मत घरात होते.

ही लहान भांडी विलायतेत कशासाठी करीत, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्या काळच्या साहेबी घरात आज ओळखूही येणार नाहीत अशा गरजा होत्या. पहिली गरज विस्तवाची. काडेपेटी स्वस्त होण्यापूर्वी चुलाण्यातला जाळ मेणबत्तीला किंवा चिलमीला न्यायचा तर कागदाच्या सुरळ्या किंवा लाकडाच्या पातळ चिलप्या लागत. त्या ठेवायला चुलाण्याच्या वरच्या फळीवर उभट भांडी असत, आणि पुढे त्यांतली बरीच फुलदाण्या म्हणून खपली. मग काड्या आल्या. पहिल्या काड्या कशावरही घासून पेटत, अगदी भिंतीवर किंवा बुटाच्या तळव्यावर. त्यांच्यासाठी जड, गोलसर काचेची भांडी करीत. बाहेरून काच मुद्दाम खरबरीत किंवा रेघारेघांची, म्हणजे आतली काडी काढून तिथेच ओढायची, आणि तोंडाला चांदीचा काठ. स्वीडनमधल्या लुंडस्ट्रोम बंधूंनी १८५५ च्या सुमारास सुरक्षित काडेपेटी बाजारात आणली. तिची काडी पेटीच्या बाजूवरच पेटते. पण जुन्या पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिल्या. त्या करणाऱ्या कामकऱ्यांचे जबडे सडत, तेव्हा कुठे इंग्लंडात १९१० पासून त्या बंद झाल्या. हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ साली झाला. काड्या गेल्या आणि त्यांची भांडी पोरकी झाली.

मग बायकांच्या टोप्या. पहिल्या महायुद्धापूर्वीची वीसएक वर्षे साहेबांच्या बायका परातीएवढ्या टोप्या घालीत आणि त्या केसांत रुतवायला वीतवीतभर टाचण्या लागत. त्या टाचण्या उभ्या ठेवण्याची भांडी असत. पण त्यांना वरून बहुधा झाकण असे व झाकणाला भोके असत. आमच्या फुलदाणीला तसे काही नाही. दात कोरायच्या काड्यांची भांडी लहान आणि पेल्याच्या घाटाची. मोटारीत, बसणाऱ्याच्या शेजारी कंसात अडकविण्याच्या फुलदाण्या असत; त्या खाली टोकदार, टेबलावर उभ्याच राहत नाहीत. मेजवानीच्या टेबलावर मध्यभागी ठेवण्याचे काचेचे मोठे झाड असे, त्याला कर्ण्यासारख्या चार-सहा फुलदाण्या बसवीत. झाड फुटले की एखादा कर्णा एकटाच मागे राही. पण त्याच्या बुडाला खुंटी असते. या सगळ्यांना वगळत गेल्यावर आमच्या भांड्यासाठी एकच उपयोग उरतो. बुड जड आणि सपाट, पोट लिंबाएवढे, गळा अरुंद, तोंड किंचित फाकलेले. यात एक, फार तर दोन फुले देठासकट उभी राहतात. पाहुण्याच्या ताटापुढे, लिहिण्याच्या मेजावर किंवा आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची, एका गुलाबाची फुलदाणी. एवढी उलाढाल करून मी जिथून निघालो तिथेच आलो. आते म्हणत होती ते नाव बरोबर होते.

मात्र 'चांदीची' म्हणताना तिच्या आवाजात जी किंमत होती, तिचा शोध घ्यायला हवा होता. त्या शोधाने मला थोडे अस्वस्थ केले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या असल्या काठाच्या वस्तू विलायतेत एकाएकी इतक्या का वाढल्या? काचेची कथा आधीची. १७४५ पासून १८४५ पर्यंत शंभर वर्षे इंग्लंडात काचेवर वजनाने कर होता. तो उठला आणि स्टोअरब्रिजच्या भट्ट्या मोकळ्या झाल्या. स्टोअरब्रिज बर्मिंगहॅमपासून दहा-बारा मैलांवर. एका गावी काच फुंकायची, दुसऱ्या गावी तिला चांदीचा काठ चढवायचा. उत्तम काचेसाठी वाळू फ्रान्समधल्या फोंतेनब्लोहून आणीत. हे वाचले तेव्हा मला हसू आले, कारण काचेला लागते तीच सिलिका वाळू आमच्याच तालुक्यात कासार्डे आणि फोंड्याच्या बाजूला जमिनीत पसरलेली आहे. आज तिचे ट्रक काचेच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांकडे जाताना रोज दिसतात. महाराष्ट्राने स्वतः काच करायचे मनावर घेतले ते पुढे : अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा जमवून उभारलेल्या फंडातून तळेगावचा काच कारखाना निघाला तो १९०८ साली, आणि ओगल्यांचा कारखाना १९१६ साली. मुलांनी आणलेले प्रभाकर कंदील त्या ओगल्यांचेच. १९०२ साली मात्र कासार्डेची वाळू कासार्डेतच होती.

चांदीची कथा अधिक मोठी आहे. १८५९ साली अमेरिकेत नेवाडात कॉमस्टॉक नावाची चांदीची प्रचंड शीर सापडली. बारा-चौदा वर्षांत जर्मनीने चांदीचे चलन सोडून सोन्याचे धरले आणि आपली चांदी बाजारात ओतली. इतर देश त्याच वाटेने गेले. चांदी वाढली, गिऱ्हाइक घटले. लंडनच्या बाजारात १८७२ साली औंसाला सुमारे ६० पेन्स असलेला भाव १८९४ साली २९ पेन्सांवर आला, आणि १९०२ साली, म्हणजे आमच्या फुलदाणीवर 'सी' अक्षर उठले त्याच साली, २४ पेन्सांवर. त्यातच औंसामागे दीड शिलिंगाचा तो जुना कर १८९० मध्ये उठला होता. बर्मिंगहॅमच्या कारखानदारांना याहून चांगले दिवस कोणते? पातळ पत्र्याचा काठ दाबून काढायचा, प्लास्टर भरायचे, नांगर उठवून घ्यायचा. कारकुनाच्या बायकोलाही परवडणारी चांदीची वस्तू तयार. मुंबईत काळ्या घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे दुकान १८९१ साली उघडले. असल्या वस्तू साहेबलोक तिथून घेत, वाढदिवसाला आणि नाताळला एकमेकांना देत, आणि बदली झाली की लिलावात काढीत किंवा नोकरांना वाटीत. विलायतेच्या लांब प्रवासात काच कोण सांभाळणार? पणजोबांच्या साहेबाने आपल्या संपत्तीतला फार मोठा हिस्सा दिला, असे यावरून म्हणवत नाही.

पण चांदीचा तोच भाव इथेही पडत होता, आणि इथे त्याचा अर्थ निराळा होता.

आमची आजी वजन सांगताना 'रुपयाभार' म्हणे. रुपया एक तोळ्याचा. त्यातले बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. जुन्या काळी चांदी मुंबईच्या टांकसाळीत न्यावी, थोडी मजुरी द्यावी, आणि तिचे रुपये पाडून आणावेत अशी कोणालाही मोकळीक होती. म्हणून रुपयाभार चांदी म्हणजे जवळजवळ रुपयाच. शेतकऱ्याच्या बायकोच्या पायातले तोडे ही तिची पेढी होती. पाऊस चुकला, सारा थकला, आजारपण आले की तोडे मोडायचे. चांदी घसरू लागली तसा रुपयाही तिच्याबरोबर घसरला. विलायतेला पेन्शने आणि व्याज सोन्यात पाठविणाऱ्या सरकारला ते परवडेना, तेव्हा जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपया टंचाईने वर चढला आणि पाच-सहा वर्षांत सोळा पेन्सांवर पक्का झाला. सोळा पेन्सांचा रुपया म्हणजे आण्याला एक पेनी, असा हिशेब सोपा. चांदी मात्र मागे राहिली. १९०२ च्या भावाने पाहिले तर रुपयाच्या नाण्यात असलेली चांदी अवघी नऊ आण्यांची होती. नाण्यावर राजाचा ठसा होता म्हणून ते सोळा आण्यांना चालत होते. तोड्यांवर कोणाचा ठसा नव्हता. दादाभाई नवरोजी आणि दिनशा वाच्छा यांनी या धोरणावर कडक टीका केली. गरिबाची शिल्लक चांदीत असते आणि सरकारने एका कायद्याने तिची किंमत कापली, हे त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण होते. सारा मात्र रुपयांतच भरायचा होता.

विलायतेत कारकुनाच्या घरात चांदीचा काठ आला आणि कोकणात बाईच्या पायातले तोडे अर्ध्या किमतीचे झाले, या दोन गोष्टी एकाच भावाने घडविल्या. इतके दिवस मी त्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. एक अर्थशास्त्राच्या पुस्तकात होती, दुसरी आमच्या फडताळात.

दुसरीचा पुरावा घरातच निघाला. पणजोबांची मोडीतली एक वही माळ्यावर आहे. वाळवीने अर्धी खाल्लेली. मोडी मला अडखळत वाचता येते. शके १८२४ च्या पानांत, म्हणजे १९०२-०३ सालीच, एक ओळ आहे : रुप्याचे तोडे जोड एक, वजन चाळीस रुपयाभार, सोनारास दिले. पुढे रकमेची जागा कोरी. तीस वर्षांपूर्वी त्या तोड्यांचे चाळीसच्या आसपास रुपये झाले असते. त्या साली लंडनच्या भावाने हिशेब केला तर चोवीस होतात, आणि सोनाराची तूट-घट त्यातून जायची. पणजोबांनी रक्कम का लिहिली नाही याचा मी फार विचार केला नाही. लिहावीशी वाटली नसेल.

साहेबाची फुलदाणी आगबोटीने देवगडच्या किंवा मालवणच्या बंदरात उतरली असेल, तिथून बैलगाडीने घरी आली असेल, आणि फडताळात बसली असेल. तिच्यात फूल कोणी ठेविले नाही. यात कोणाचे अडाणीपण नव्हते. आमच्याकडे फूल देठासकट पाण्यात उभे करून पाहण्याची चालच नव्हती. फूल देवाला वाहायचे नाहीतर केसांत माळायचे. दोन्हीकडे देठाचे काम नाही. आणि आमची फुले तरी कोणती? अबोली, बकुळ, जाई, आणि चैत्राच्या आगेमागे सुरंगी. सुरंगीचे फूल फांदीलाच चिकटून फुलते. त्याचा वळेसर करतात, तो कोणत्या विलायती फुलदाणीत उभा करणार? बकुळीचे फूल तर झाड स्वतःच खाली टाकते. देठाचा गुलाब कुंपणाशी आला तो पुष्कळ पुढे, आणि आला तरी त्याचे फूल पहाटेच तोडून देव्हाऱ्यात जाई. तेव्हा फुलदाणीला दुसरे काम शोधणे भाग होते. कोणी हळदीकुंकवाला तिच्यात अत्तराचे फाये ठेविले, कोणी तिच्यात उदबत्ती उभी केली, कोणी मोरपीस. सोवळ्याच्या घरात काच देव्हाऱ्याजवळ जात नसे. माझा तर्क असा की काठ चांदीचा असल्यामुळेच त्या उदबत्तीच्या घराला देवापुढे जागा मिळाली. आणि आमच्या आजीने आकडे ठेविले. विलायतेत टोपीच्या टाचण्या ठेवायला भांडी लागत होती, आणि आजीला ते ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पण केस दोन्हीकडे होते.

हे सगळे आतेला सांगावे की नाही यावर मी महिनाभर घालविला. माझा धंदा शिकविण्याचा, त्यामुळे गप्प बसणे मला जमत नाही. एका संध्याकाळी पडवीत बसून तिला ठशांची गोष्ट सांगितली. साल, भाव, प्लास्टर, सगळे. फुलदाणी साहेबाने दिली असेल, पण ती त्याला फारशी महाग पडली नसेल, हेही सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मगे साहेब खोटो?"

"साहेब खरा असेल, आते. काठ हलका आहे."

मग मी वहीतली ओळ वाचून दाखविली. मला वाटले होते की ती चकित होईल. ती सुपारी कातरीत होती, ती कातरीतच राहिली.

"तोडे मोडले ता माका ठावक आसा," ती म्हणाली. "आजयेच्या पायार मरासर त्येंचे वण होते. पण ता कोण सांगता, झिला?"

त्या आजीला, म्हणजे माझ्या पणजीला, मी पाहिले नाही. तिचा फोटोही नाही. आतेने त्या दिवशी प्रथमच तिच्याविषयी चार गोष्टी सांगितल्या : ती चालताना तोड्यांचा आवाज परसापर्यंत येई असे तिची सासू सांगत असे; तोडे गेल्यावर पाय हलके वाटून तिला काही दिवस नीट चालता येईना; पुढे चांगले दिवस आल्यावर मुलाने नवे करून देतो म्हटले, तेव्हा तिने नको म्हटले आणि त्या पैशांत म्हैस घेतली. म्हैस कोणत्या साली घेतली हे आतेला नक्की सांगता येत नाही, पण तिचे नाव चंद्री होते.

फुलदाणीचा काठ मात्र माझ्या भिंगाने आणि चौकसपणाने पुरता सैल झाला होता. उचलली की हातात येई. बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे घेऊन गेलो. त्याने काठ काढून आतले उरलेसुरले प्लास्टर खरवडले आणि सवयीने तो काट्यावर टाकला. अर्धा तोळाही भरला नाही. "मोडायचा आहे?" त्याने विचारले. आमच्या भागातली मोड बहुतेक घाटावर हुपरीला जाते, तिथे तिची पैंजणे आणि तोडे होतात. मी नको म्हटले. त्याने लाख तापविली, काठात भरली आणि काठ पुन्हा काचेवर बसविला. किंचित वाकडा बसला. मजुरी घेतली नाही. काच आपल्या हातून फुटली नाही यातच त्याला समाधान होते.

घरी आणली तेव्हा आतेने ती फिरवून पाहिली, काठ वाकडा बसल्याबद्दल सोनाराला दोन शब्द लावले, आणि आजीचे जे सात-आठ आकडे तिने जपून ठेविले होते ते आत टाकून फुलदाणी फडताळात ठेवून दिली.